बेल्जियमहून साखरखेर्ड्याला

बेल्जियममध्ये एक रेसचा ट्रॅक आहे. जंगलातून जातो, मध्येच अंगावर येणारा चढ लागतो आणि त्या चढावरच दोन वळणं एकाला एक चिकटून येतात. भल्याभल्यांचा पाय तिथं आपोआप ब्रेकवर जातो. मी ती वळणं ब्रेकला न शिवता घेत असे. बुलढाण्यात, आमच्या मधल्या खोलीत, बायकोच्या शिलाई मशीनसमोर बसून.

हे वैभव मला लेकीमुळं मिळालं. तिनं पुण्यात नोकरी लागल्यावर हौसेनं गेमचं स्टिअरिंग घेतलं, खाली पायात ठेवायची दोन पेडलं घेतली, आणि नंतर खोली बदलताना जागा नाही म्हणून सगळं आमच्याकडं आणून टाकलं. "बाबा, याला हात लावू नका," असं सांगून गेली. भूगोलाच्या मास्तरला असं सांगणं म्हणजे पृथ्वीचा गोल समोर ठेवून फिरवू नका म्हणण्यासारखं. संध्याकाळी शाळेतून आलो की मी स्टिअरिंग शिलाई मशीनच्या फळीला स्क्रूनं आवळायचो. ब्रेक मारला की पेडलं फरशीवरून पुढं पळायची, म्हणून त्यांच्यापुढं मसाला वाटायचा पाटा आडवा लावायचो. प्लास्टिकची खुर्ची मागं सरकू नये म्हणून ती दिवाणाच्या पायाला ओढणीनं बांधलेली असे. एवढी तयारी करून समोरचा टीव्ही लावला की मी युरोपात.

वर्गात मुलांना मी युरोपचं हवामान शिकवतो, पण तिथल्या डांबराचा स्वभाव मला कळला तो या फळीवर. जर्मनीतला डोंगर, इटलीतली सरळ पट्टी, जपानमधला पाऊस, सगळीकडं गाडी घातली. फिनलंडचा कुणी एक इसम इंटरनेटवरून माझ्या मागं लागायचा, मी त्याला पुढं जाऊ द्यायचो नाही. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, त्याची वाट अडवणारा माणूस बनियनवर बसलाय आणि त्याच्या शेजारी कुकरची शिट्टी होते आहे.

बायको या सगळ्याकडं ब्लाउज अडकून पडलेल्या बाईच्या नजरेनं बघायची. मशीन माझ्या ताब्यात असल्यानं गल्लीतल्या बायकांचं शिवणकाम मागं पडायचं. पण एके दिवशी ती दारात उभी राहून माझी शर्यत शेवटपर्यंत बघत राहिली आणि म्हणाली, "तुमाले खरी गाडी येईन ना मंग?"

"खरी?" मी हसलो. "खरी गाडी ह्याच्यापेक्षा सोपी. खरी गाडी कोण तीनशेच्या स्पीडनं चालवते?"

"मंग घेऊ आपन गाडी."

आता या वाक्यामागं काय होतं ते सांगितलं पाहिजे. बायकोचं माहेर साखरखेर्ड्याचं. आमचं लग्न झाल्यापासून आम्ही तिथं एस्टीनं जातो. एस्टी फाट्यावर सोडते. आणि दर वेळी, निघायच्या आधी, तिच्या वहिनीचा फोन येतो, "नंदबाई, फाट्यावर घ्यायला कोणाला पाठवू का?" आवाजात साखर. मग कुणीतरी मोटारसायकल घेऊन येतो, बायको मागं बसते, मांडीवर एक पिशवी, मध्ये एक पिशवी, आणि गावातून अशी तिची मिरवणूक निघते. वहिनी ओट्यावर उभी असतेच. या ओट्यासमोर स्वतःच्या गाडीतून, पुढच्या सीटवरून उतरायचं, एवढीच माझ्या बायकोची इच्छा होती. तिनं सोनं मागितलं नाही, सिंगापूर मागितलं नाही. आणि योग असा, की तिच्या भावानं नवं घर बांधलं होतं, हरभऱ्याच्या काढणीच्या दिवसांत वास्तू ठरली होती, अख्खं गाव जेवायला होतं.

"ड्रायव्हर लावू एक दिवसापुरता," मी सुचवलं.

"ड्रायव्हर लावला त लोक म्हनतीन गाडी भाड्याची आहे. तुमीच पाह्यजे."

गाडी घेतली. जुनीच, पांढरी, एका डॉक्टरांची वापरलेली. आत बसलं की ताप मोजायला आल्यासारखं वाटायचं. लायसन्स माझ्याकडं तरुणपणापासून होतं. मित्राच्या जीपनं मैदानात आठचा आकडा काढून मिळवलेलं, आणि त्यानंतर पाकिटात विश्रांती घेत असलेलं. लेकीनं फोनवर विचारलं, "बाबा, ड्रायव्हिंग क्लास लावताय ना?"

"तुझ्या बापाचा लॅप टाइम माहीत आहे का तुला?"

"बाबा, ती गेम आहे."

"तुझ्या आईला सांग. तिनं डोळ्यानं पाहिलंय."

देऊळघाटच्या रस्त्यावर सकाळी सकाळी आम्ही सरावाला गेलो आणि पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं, की या गाडीला पेडलं तीन आहेत. गेममध्ये दोनच होती. उजवा पाय पळवायला, डावा थांबवायला, आणि गिअर बोटांनी. म्हणजे माझा डावा पाय वर्षभर ब्रेकच्या नोकरीत मुरला होता. त्याला आता क्लचवर बदली झाली, हे त्यानं मान्य केलं नाही. मी क्लच समजून ब्रेकवर असा पाय हाणला की बायकोचं कपाळ डॅशबोर्डपर्यंत जाऊन परत आलं.

"काय झालं?" ती म्हणाली.

"ब्रेक तपासले. चांगले आहेत."

खऱ्या गाडीत आणखी बऱ्याच गोष्टी होत्या ज्या बेल्जियममध्ये नव्हत्या. तिथं हॉर्न नव्हता. इथं हॉर्न ही बोली आहे. 'आलो', 'सरक', 'राम राम', 'या बकऱ्या तुझ्या का?' हे सगळं हॉर्ननं बोलायचं असतं आणि मला फक्त एकच सूर येत होता, तोही चुकून कोपर लागून. तिथं रस्त्यावर फक्त स्पर्धक असतात आणि सगळे एकाच दिशेनं जातात. इथं समोरून माणसं येतात. आणि तिथं चुकलं की एक बटण दाबायचं, गाडी धुऊनपुसून पुन्हा रस्त्यावर हजर. इथं मी खड्ड्यात चाक घातल्यावर अंगठा दोन-तीनदा स्टिअरिंगवर नुसताच दाबून पाहिला.

सगळ्यात मोठा वाद झाला तो वळणांवरून. रेसमध्ये वळण कसं घ्यायचं याचं शास्त्र आहे. बाहेरून आत यायचं, आतून बाहेर जायचं, म्हणजे वेग तुटत नाही. मी ते शास्त्र देऊळघाटच्या रस्त्याला लावलं.

"अवो, तुमी तिकळच्या बाजूनं काऊन चालले?" बायकोनं दाराचं हँडल धरलं.

"वळण मोठं करून घेतोय. बाहेरून आत."

"आन आतून एस्टी आली त?"

"रेसिंग लाईनवर एस्टी नसते."

एस्टी आली. ड्रायव्हरनं खिडकीतून मला जे सांगितलं, त्यात शास्त्राचा भाग कमी होता. त्यानंतर मी आपल्या बाजूनं चालायला लागलो, आणि बायको डोळे मिटून काहीतरी पुटपुटायला लागली. वास्तूच्या दिवसापर्यंत माझी प्रगती अशी होती: सरळ जाता येत होतं, वळता येत होतं, थांबता येत होतं, थांबल्यावर गाडी बंद पडत होती. मागं घेता येत नव्हतं. त्याची गरज मला वाटली नाही. विजेते मागं जात नाहीत.

वास्तूच्या दिवशी बायकोनं ठेवणीतली पैठणी काढली. आहेर मागच्या सीटवर ठेवला, पिशव्या डिकीत ठेवल्या. मांडीवर तिनं काहीच ठेवलं नाही. मुद्दाम. वहिनीचा फोन आला, नेहमीचा प्रश्न आला, आणि बायको म्हणाली, "नाई वहिनी, कोनाले पाठवू नका. आमी आपले येतो." त्या 'आपले' वर तिनं जो जोर दिला तो मी कधी विसरणार नाही. पहिली पंगत बसायच्या आत पोचायचं होतं. पंगत उठली की माणसं पांगतात, आणि गाडी पाहायला कोण राहतं?

चिखलीपर्यंत मी कुणाला धक्का दिला नाही. चिखलीत कुणी मला दिला नाही. पुढं आडरस्त्याला लागलो, दोन्हीकडं हरभऱ्याची काढणी चाललेली, रस्ता मोकळा, आणि मला जरा माझा जुना आत्मविश्वास वाटायला लागला. तेवढ्यात पुढं अर्धा रस्ता दिसेनासा झाला. डांबरावर हरभऱ्याची वाळलेली झाडं पसरली होती, घाट्यांसकट, आणि कडेनं दगड मांडले होते. काठी घेतलेली एक बाई शेजारी उभी.

मी सुसंस्कृत माणूस आहे. दुसऱ्याच्या पिकावरून गाडी कशी घालायची? मी थांबलो. गाडी बंद पडली.

"अवो भाऊ, थांबले काऊन?" बाई ओरडली. "वरून घ्या ना!"

"तुमचा हरभरा चेंगरेल."

"चेंगरायलेच टाकला! मळणीवाला कालपासून 'निंगालो, निंगालो' म्हनून राह्यला. त्याच्या भरोशावर बसली त हरभरा इथंच उगीन."

आमच्याकडं थोडं पीक असलं की लोक ते रस्त्यावर टाकतात. येणारी-जाणारी वाहनं मळणी करून देतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण एस्टीच्या खिडकीतून माहीत होतं. चाकामागं बसल्यावर ते आपल्याला लागू होतं, हे ध्यानात आलं नव्हतं.

"आमाले उशीर होऊन राह्यला," बायको म्हणाली. "साखरखेर्ड्याले भावाची वास्तू आहे."

बाईनं खिडकीशी येऊन आधी पैठणी पाहिली, मग गाडी पाहिली. "माहेरी चालल्या? गाडी सोताची का बाई?"

बायको सीटवर ताठ झाली. इतक्या दिवसांत हा प्रश्न तिला विचारणारं पहिलं माणूस भेटलं होतं.

"हाव," ती म्हणाली. "सोताचीच."

"मंग दोन चकरा मारून द्या ना. सकाळपासून नुसत्या मोटारसायकली जाऊन राह्यल्या, त्याच्यानं काय होते? चार चाकं पाह्यजे."

बायको माझ्याकडं वळली. "घ्या दोन चकरा," ती म्हणाली, जणू ती रोजच लोकांना चकरा वाटते. आणि पैठणी सावरत खाली उतरली.

चक्कर म्हणजे पुढं जाणं, आणि मग मागं येणं. मागं! मी गिअरची दांडी हलवली, काचेतून मागं पाहिलं, मान मोडेपर्यंत वळून पाहिलं. गाडी हरभऱ्यावरून तिरकी निघाली आणि दगडावर चढली. "उलटं फिरवा! उलटं!" बायको रस्त्याच्या मधोमध उभी राहून हात करत होती. "इकळे नाई, तिकळे! आता सरळ! येऊ द्या, येऊ द्या!" खाली घाटे तडातडा फुटत होते. बाई काठीनं झाडं पालथी घालायची, मी पुन्हा वरून. पुढं, मागं, पुढं, मागं. आणि काय सांगू, माझ्या डाव्या पायाला वळण लागलं. क्लच कुठं उचलतो, कुठं धरतो, ते त्याला त्या हरभऱ्यावर कळलं. गाडी बंद पडायची थांबली. रेघेत मागं यायला लागली.

"भाऊ, तुमाले चांगलं जमते," बाई म्हणाली.

माझ्या ड्रायव्हिंगची ही पहिली स्तुती. फिनलंडवाल्यानं कधी एक शब्द काढला नव्हता. आता मला कोण थांबवणार? बाईनं दोन चकरा मागितल्या होत्या, मी तिला हंगाम देऊन टाकला. शेवटी तीच म्हणाली, "झालं भाऊ, आता डाळच होईन त्याची," आणि बायको दार उघडून आत बसली.

"चाला! पंगत उठीन! तिकळे माह्या भावाची वास्तू आन तुमी इथं खळं करून राह्यले!"

आम्ही निघालो. मी रुबाबात गिअर बदलत होतो. गाव दिसायला लागलं, तेव्हा बायको नाक वर करून म्हणाली, "काही जळून राह्यलं."

आता पाहा, गेममध्ये सगळं असतं. इंजिनचा आवाज असतो, टायरची किंचाळी असते, स्टिअरिंग हातात थरथरतं. वास नसतो. त्यामुळं या विषयात मी कोराच होतो. "शेतात कुणी काडी पेटवली असेल," मी म्हणालो.

"शेत आपल्यासंगं चालून राह्यलं काय मंग?"

पुढच्या चाकाजवळून धुराची बारीक रेघ वर येत होती. मी गाडी बंद केली, खाली वाकून पाहिलं. हरभऱ्याची वाळकी काडं गाडीच्या पोटाखाली गुंडाळून बसली होती, दोरखंडासारखी, आणि तापून धुमसत होती. काही ओढून काढली, बोटं भाजली, बरीच आत राहिली. बाटलीतलं पाणी ओतलं. धूर कमी झाला, पण गाडी पुन्हा चालू करायची माझी हिंमत झाली नाही.

"भावाला फोन कर," मी म्हणालो.

"मेली तरी नाई करनार."

मला समजलं. फोन केला की मोटारसायकल येणार. पैठणी मागं बसणार. वहिनी ओट्यावर असणार.

तेवढ्यात जेवायला निघालेले गावातले चार-पाच जण आले. त्यांनी बायकोला ओळखलं, गाडीला गोल चक्कर मारली, एकमेकांकडं पाहून हसू दाबलं आणि बाह्या वर केल्या. "काही नाही आक्का, ढकलत नेऊ. उतरा तुम्ही, वजन कमी होईल."

"मी नाई उतरत," बायको म्हणाली.

"अवं, पण आक्का..."

"मी उतरली त मंग गाडीत आली कोन?"

गाडी ढकलली गेली. इंजिन बंद असल्यानं स्टिअरिंग जड दगड झालं होतं, मी दोन्ही हातांनी ते ओढत होतो. शेजारी बायको सरळ समोर पाहत बसली होती, पालखीतल्या देवीनं बसावं तशी. गल्लीतली पोरं, कुत्री, मागं आणखी दोघं ढकलायला. मांडव दिसला. पंगत बसलेली होती, उठली नव्हती. वाफाळतं वरण वाढणं चाललं होतं, बट्ट्या कुस्करणं चाललं होतं, आणि आमच्या गाडीला आवाजच नसल्यामुळं कुणाची मान वर झाली नाही.

"हॉर्न वाजवा," बायको ओठ न हलवता म्हणाली.

मी वाजवला. लांब. सगळी पंगत वळली, वरणात बुडालेले हात तसेच. माझ्या बायकोनं दार उघडलं, पदर सारखा केला, आणि पुढच्या सीटवरून, भावाच्या नव्या घरासमोर, उतरली.

वहिनी तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन पुढं आली. भाकरतुकडा बायकोवरून ओवाळून टाकला. मग तिचं लक्ष चाकाकडं गेलं. तिनं तांब्यातलं पाणी चाकावर ओतलं. चर्रर्र झालं. वाफेतून ती खाली वाकली, आणि बंपरखाली लोंबणारी हरभऱ्याची जुडी तिनं दोन बोटांत धरली.

"नंदबाई, गाडीला हरभरा कामून बांधला?"

मी मेल्याहून मेल्यासारखा.

"वास्तूले यायचं त रिकाम्या गाडीनं यायचं नसते," बायको शांतपणे म्हणाली. "नव्या घरात धान्य घेऊन यावं लागते. तुमच्यात नाई काय असं?"

वहिनीनं जुडी हलवून पाहिली. आणि पंगतीतली एक म्हातारी, जिला ऐकू कमी येत असावं, जोरात म्हणाली, "हाय तर! आमच्या येळी बैलगाडीला बांधायचे!" झालं. ती जुडी सोडवून वहिनीनं स्वतःच्या हातानं देवघरात नेऊन ठेवली. भटजींनीही तिच्यावर हळदीकुंकू वाहिलं.

जेवणं झाली. ढकलणाऱ्यांपैकी एकानं गाडीखाली झोपून उरलेली काडं काढून दिली. आम्ही पुरुष मंडळी मांडवात लवंडलो. मेहुणे मला गाडी किती देते, सर्व्हिसिंग कुठं, असं विचारत होते आणि मी बेल्जियमकडं विषय वळवत होतो. मध्येच पाहिलं तर गाडीत कुणीतरी बसलेलं. पुढच्या सीटवर वहिनी. आणि माझ्या जागेवर, स्टिअरिंगसमोर, बायको. काचा पूर्ण वर. आतून काही ऐकू येत नव्हतं, फक्त दिसत होतं. वहिनी हातवारे करून काहीतरी सांगत होती, मग पदरानं डोळे पुसत होती, मग दोघी हसत होत्या, आणि पुन्हा वहिनी बोलत होती. नवं घर मोठं होतं, पण त्यात सकाळपासून पाहुणे, दीर, जावा, सासू, पुजारी भरले होते. तिला बोलायला चार भिंती त्यात मिळाल्या नसाव्यात. त्या आमच्या बंद गाडीत मिळाल्या.

बराच वेळ झाला. उजेड असताना परत निघायला हवं होतं, अंधारात गाडी चालवणं मी अजून कुठल्याच देशात शिकलो नव्हतो. मी जाऊन काचेवर टकटक केलं. दोघींनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी गाडीचा मालक नसून टोल मागायला आलोय. बायकोनं दांडी फिरवून काच दोन बोटं खाली घेतली.

"चहा पाठवा," ती म्हणाली. "दोन."

आणि काच पुन्हा वर गेली.